फारकतीचा स्टॅम्पपेपर



आपल्याकडे संसार मोडायची वेळ आली की आधी बैठक बसते. दोन्हीकडची चार मोठी माणसं, एखादा मध्यस्थ, चहा, आणि शेवटी शे-पाचशेचा स्टॅम्पपेपर. 'राजीखुशीने वेगळे होत आहोत, एकमेकांवर काही हक्क राहिला नाही,' असं लिहून नोटरीचा शिक्का मारतात आणि सगळे म्हणतात, फारकत झाली.

झालेली नसते. हिंदू विवाह कायदा, 1955 जैनांनाही लागू आहे. त्याच्या कलम 2 मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. या कायद्याने घटस्फोट कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच होतो. काही समाजांच्या जुन्या काडीमोडीच्या रूढीला कायद्यात जागा आहे, पण अशी रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. नुसत्या स्टॅम्पपेपरच्या भरवशावर मुलीचं दुसरं लग्न लावलं तर ते बेकायदा ठरतं, वर गुन्हाही होऊ शकतो. हे बैठकीत कोणी बोलत नाही.

'आपण अल्पसंख्याक झालो, आता तो कायदा आपल्याला नाही,' असंही ऐकू येतं. 2014 मध्ये केंद्राने जैनांना अल्पसंख्याक दर्जा दिला हे खरं. इंदूरच्या कौटुंबिक न्यायालयाने 2025 च्या सुरुवातीला तेच कारण देऊन जैन जोडप्याचा अर्ज फेटाळलाही होता. पण मार्च 2025 मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. कायदा पूर्वीसारखाच आपल्याला लागू आहे.

माझी भाची वर्षभर बीडला माहेरी होती. सासर दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून घरच्यांना वाटायचं की तिकडेच खेटे घालावे लागणार. तसं नाही. बायको जिथे राहते तिथल्या कोर्टात ती अर्ज करू शकते. वकिलाकडे जाताना तिच्यासोबत काका, भाऊ, मध्यस्थ असे तिघे निघाले. मी म्हटलं, आत तिला एकटीला जाऊ द्या. पुरुष मंडळी बसली की तीच बोलतात, आणि मुलगी जे सांगायला लाजते तेच नेमकं वकिलाला कळत नाही. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं वकिलाला बाहेर बोलता येत नाही, म्हणून आपल्या बाजूचं वाईटही त्यांना आधीच सांगावं. ते समोरच्या वकिलाच्या तोंडून कळलं तर महागात पडतं.

फी पहिल्याच दिवशी विचारावी: टायपिंग, कोर्ट फी, प्रत्येक तारखेचे पैसे त्यात धरलेत का? पावती घ्यावी. मिळणाऱ्या रकमेत टक्का मागणारा वकील असेल तर उठून यावं, बार कौन्सिलचा नियमच तशी फी घ्यायला मनाई करतो. कोऱ्या कागदावर सही नाही. आणि पैसे नसतील तरी अडत नाही, बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो; जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुक्याच्या समितीत अर्ज द्यायचा, किंवा 15100 वर फोन करायचा. केसचा सीएनआर नंबर मागून घ्या, म्हणजे पुढची तारीख मोबाईलवर स्वतःला दिसते, कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

दोघांची संमती असेल तर एक वर्ष वेगळं राहिल्यावर अर्ज करता येतो. मग सहा महिने थांबून दुसऱ्यांदा हजर राहायचं. 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर योग्य प्रकरणात हे सहा महिने माफही होतात. मधल्या काळात कोणीही संमती मागे घेऊ शकतो, म्हणून 'आधी सही कर, दागिने मागाहून देऊ' याला होकार देऊ नये. काय, कधी, कसं द्यायचं ते अर्जातच लिहून घ्यावं.

दागिन्यांवरून मला मुद्दाम बोलायचं आहे. बैठकीत हमखास कोणीतरी म्हणतं, आपला धर्म क्षमेचा, सोडून दे, कशाला वैर वाढवायचं. क्षमा म्हणजे मनातला कषाय सोडणं. भाचीने संवत्सरीला त्या घरी फोन करून मिच्छामि दुक्कडम् म्हटलं, आणि सोनंही मागितलं. मला यात काही विसंगत दिसत नाही. स्त्रीधन बाईचंच, सासरी ते नुसतं ठेवायला दिलेलं असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगितलंय. अचौर्याचा विचार करायचाच तर तो तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याने करावा.

दुकानाची वही आपल्या घरात रोज लिहिली जाते, तशीच स्त्रीधनाचीही लिहावी. भाचीने लग्नाचे फोटो, सोनाराची बिलं, बँकेचं पासबुक समोर ठेवून यादी केली: वस्तू, वजन, कोणी दिली. वकिलांचं अर्धं काम तिथेच झालं.

हुकूमनामा हाती आला की प्रमाणित प्रती दोन-तीन काढून घ्या, बँकेत, पासपोर्टला, पुढच्या लग्नालाही लागतात. आणि एकतर्फी लढून मिळालेला घटस्फोट असेल तर अपिलाचे 90 दिवस सरेपर्यंत, अपील झालं तर त्याचा निकाल लागेपर्यंत, नवं स्थळ बघितलं तरी मुहूर्त काढू नका.