पहिल्या रविवारची तपासणी

स्नानसंस्काराच्या नोंदवह्या कपाटात कुलूपबंद ठेवल्या म्हणजे कर्तव्य संपले, असे ख्रिस्तसभा मानीत नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतील ५३५ व्या कलमानुसार बिशपांनी वा त्यांच्या प्रतिनिधीने त्या वह्या वेळोवेळी तपासावयाच्या असतात. न उघडलेल्या वहीला कसर लागते, हे त्यामागचे शहाणपण संगणकासही लागू पडते.

नोंदी संगणकात ठेवताना तोच मजकूर एकाच वेळी दोन डिस्कांवर लिहिण्याची सोय करता येते. ‘रेड’ नावाच्या पद्धतीचा हा सर्वांत सोपा प्रकार. पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या बर्कली येथील संशोधकांनी १९८८ साली ते नाव रूढ केले. लिनक्स ही प्रणाली वेगळ्या यंत्राविना हे काम करते.

दोन प्रती झाल्या की मन निर्धास्त होते. परंतु डिस्कचा जो भाग वर्षानुवर्षे कोणी वाचत नाही, तो मुकाट्याने खराब होऊ शकतो. पुढे दुसरी डिस्क बंद पडते, तिच्या जागी नवी येते आणि उरलेली डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचावी लागते. दोष तेव्हा उघडकीस येतो. पण त्या भागाची दुसरी प्रत आता शिल्लक नसते.

पहिल्या शुक्रवारची भक्ती आपल्या परिचयाची आहे. लिनक्सच्या ‘डेबियन’ या प्रकारात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, मध्यरात्रीनंतर, ही तपासणी आपोआप सुरू होते. दोन्ही डिस्क पूर्ण वाचल्या जातात. एकीवरचा भाग वाचता आला नाही, तर दुसरीवरून तो पुन्हा लिहिला जातो. दोन्ही वाचता आले, पण मजकूर जुळला नाही, तर त्या तफावतीची मोजदाद होते. खरा मजकूर कोणता, हे मात्र यंत्रास उमगत नाही. दुरुस्तीची आज्ञा दिल्यास ते एकीचा मजकूर दुसरीवर उतरवते. तो चुकीचाही असू शकतो. शिवाय चुकून पुसलेली नोंद दोन्हीकडून एकदमच पुसली जाते. म्हणून वेगळी राखलेली तिसरी प्रत हवी आणि हाताने लिहिलेली मूळ वही हवीच.

आत्मपरीक्षणाविषयी प्रवचन करताना आम्हांस हे आठवते. मनातील दोन आवाज जुळत नाहीत, एवढे आपले आपल्याला कळते. खरा कोणता, हे ठरविण्यास प्रभूचे वचन लागते.

धर्मग्रामाचा संगणक ज्या तरुणांच्या हाती आहे, त्यांनी येत्या पहिल्या रविवारनंतर तफावतीचा आकडा अवश्य पाहावा. तो शून्य नसेल, तर दुरुस्तीची आज्ञा देण्याआधी वही उघडावी.