बटाटेवडा आणि प्रायश्चित्त

खाण्याच्या पदार्थांवर निबंध लिहिणे हे प्राध्यापकास शोभणारे काम नव्हे, असे आमच्या काही सन्मान्य मित्रांचे मत आहे. काव्य, नाटक, फार तर एखाद्या कादंबरीचे परीक्षण, एवढ्यापुरतीच आमची लेखणी चालावी असे त्यांस वाटते. परंतु जवळजवळ तीस वर्षे दुसऱ्यांच्या वाङ्मयावर व्याख्याने दिल्यावर आमची अशी खात्री झाली आहे की, समाजाच्या अंतःकरणात काय चालले आहे हे ग्रंथांवरून कळण्यास फार वेळ लागतो; तो समाज कोठे खातो आणि कोणाच्या शेजारी उभा राहून खातो यावरून ते फार लवकर कळते. म्हणून आज आम्ही बटाटेवड्यास हात घालीत आहो. आणि तो ऊन आहे तोवरच घालणे शहाणपणाचे.

ज्यास हा विषय अभ्यासावयाचा असेल त्याने नारायण पेठेत यावे. केसरीवाड्यासमोरचे प्रभा विश्रांतिगृह वड्यासाठी नावाजलेले आहे. मुंजाबाच्या बोळाकडे वळल्यास बेडेकरांची मिसळ आहे, आणि तिच्याबरोबर पावाच्या स्लाइस मिळतात. याखेरीज पेठेत बिननावाची किंवा नाव असून कोणी न वाचलेली लहान दुकाने पुष्कळ आहेत. तेथे बसण्याची सोय बेताचीच. बहुतेक गिऱ्हाईक पुडा बांधून घरी नेते; आणि ज्यास घर येईपर्यंत धीर निघत नाही, तो रस्त्याच्या कडेला उभा राहूनच खातो. आम्ही या दुसऱ्या वर्गात मोडतो.

या खाण्याचा एक शिष्टाचार आहे. घाणा कढईत असताना कोणी बोलत नाही. सर्वांची दृष्टी झाऱ्यावर खिळलेली असते. झारा वर येतो, तेल निथळते, वडे परातीत पडतात, आणि मग मात्र दहा हात एकदम पुढे होतात. आत आले, मिरची, कोथिंबीर आणि हळदीने पिवळा झालेला बटाटा, बाहेर डाळीच्या पिठाचे पातळ कवच, शेजारी तळलेली मिरची. एवढीच काय ती सामग्री. पूर्वी हे सारे वर्तमानपत्राच्या तुकड्यात मिळे, आणि वड्याबरोबर शिळ्या अग्रलेखाचा अर्धा परिच्छेदही पदरात पडे. छपाईची शाई पोटात जाते, म्हणून २०१६ साली सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याविरुद्ध इशारा दिला. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. वाचनाचे मात्र थोडे नुकसान झाले.

आमची आजी याच पेठेतल्या एका वाड्यात राहत असे. सत्तरीच्या दशकात आम्ही लहान असताना बाहेरून काही खाऊन आलो की ती एकच प्रश्न विचारी, “कोणी केलंय?” पदार्थ कसा होता, ताजा होता की शिळा, हे तिच्या लेखी गौण होते. ती मनाने कठोर नव्हती. आजारी शेजारणीच्या उशाशी रात्ररात्र बसणारी ती बाई होती. पण अन्नापाशी आली की तिचा हा प्रश्न सुटत नसे. कारण तो तिचा एकटीचा नव्हता, साऱ्या पेठेचा होता.

किंबहुना साऱ्या शहराचा होता. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींस बोलावून चहा-बिस्किटे पुढे ठेवण्यात आली. टिळक आणि रानडे त्या मंडळींत होते. त्यांची नावे पुढे वर्तमानपत्रात झळकली आणि गावात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ताचा वाद झाला. आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये ते घेतले, आणि त्याबद्दल सुधारकांचे शब्दही ऐकून घेतले. एका पेल्याने एवढ्या मोठ्या माणसांस जेथे जेरीस आणले, त्या शहरात आज केसरीवाड्याच्या समोरच्या बाजूस कोणीही कोणाच्याही हातचा वडा खातो आणि प्रायश्चित्त म्हणून फार तर रात्रीचे जेवण टाळतो.

आता गंमत अशी की, आजीच्या स्वयंपाकघरात ज्यांस मुक्तद्वार होते, त्यांचे कुलवृत्त कोणीच तपासले नव्हते. एकादशीस ती सोवळ्यात साबुदाण्याची खिचडी करी. तीत बटाटा असे, मिरची असे, दाण्याचे कूट असे. या तिन्ही वस्तू मूळच्या अमेरिकेतल्या. १४९२ पूर्वी त्या आपल्याकडे कोणी पाहिल्याही नव्हत्या. बटाटा तर आपले पोर्तुगीज नाव अजून मिरवीत असतो. आज ज्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंदही दक्षिण अमेरिकेचाच. राहता राहिले जिरे आणि तूप. म्हणजे आजीचा उपवास बव्हंशी समुद्र ओलांडून आलेल्या पाहुण्यांच्या बळावर चाले. समुद्रगमन केलेल्या माणसास प्रायश्चित्त, आणि समुद्रगमन केलेल्या बटाट्यास नैवेद्याचे ताट! ज्या पावाचा तुकडा विहिरीत टाकून गावेच्या गावे बाटविल्याच्या कथा कोकणपट्टीत सांगत, तो पावही मिसळीच्या बशीशेजारी निमूटपणे येऊन बसला. वस्तूंच्या बाबतीत आपला समाज फार उदार आहे. त्याची सगळी अडचण माणसांपाशी येते.

ही अडचण दूर करण्यासाठी आपल्याकडे सहभोजने झाली, व्याख्याने झाली, ठराव झाले. त्या खटपटी करणाऱ्यांविषयी आम्हांस आदर आहे. लोकांचा रोष पत्करून त्यांनी पंक्ती मांडल्या. तथापि वडेवाल्याने हे काम अजाणता आणि भाषणाशिवाय केले. कढईपुढे पंक्तीच नसते, म्हणून पंक्तिभेदही नसतो. जो आधी आला त्यास आधी मिळते. झारा हाती धरलेला मनुष्य एकच प्रश्न विचारतो, “किती?” आजीच्या “कोणी?”पासून या “किती?”पर्यंतचा प्रवास ही लहानसहान क्रांती नव्हे, असे आम्ही मोठ्या समाधानाने म्हणत आलो होतो.

हे समाधान आम्ही गेल्या पावसाळ्यात आमच्या एका माजी विद्यार्थ्यापुढे बोलून दाखविले. तो मराठवाड्याकडला, बुद्धीचा तल्लख, इंग्रजीचा पदवीधर. शहरात नोकरीस लागून थोडेच दिवस झाले होते. आम्ही दोघे वळचणीखाली उभे राहून वडे खात होतो. त्याने आमचे पंचहौदाचे आख्यान शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाला, “सर, माझ्या आजोबांना गावच्या हॉटेलात चहा मिळायचा, पण बाहेर. कपबशी वेगळी असायची, खिडकीजवळ ठेवलेली. पिऊन झाली की त्यांनीच धुऊन ठेवायची. आज इथं मी तुमच्या शेजारी खातोय, हे त्यांना सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.” आम्हांस वाटले, सिद्धान्त सिद्ध झाला. पण त्याने बोटाची चटणी पुसली आणि शांतपणे पुढे सांगितले, “महिनाभर याच भागात खोली शोधतोय. दोन ठिकाणी भाडं ठरलं होतं. मग आडनाव विचारलं, आणि मग त्यांच्याकडे एकाएकी पाहुणे यायचे ठरले.”

हे त्याने जराही तक्रारीच्या स्वरात सांगितले नाही. आम्हांस काही बोलणे सुचले नाही. आम्ही आणखी दोन वडे मागविले. पुढे ओळखीच्या एका गृहस्थांकडे आम्ही शब्द टाकला आणि त्यास खोली मिळाली. परंतु प्राध्यापकाच्या शब्दावाचून जी खोली मिळत नाही, ती मिळाली असे म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच.

वड्याची थोरवी यामुळे कमी होते असे आम्ही मानीत नाही. रस्त्याच्या कडेला त्याने जे साधले ते खरेच साधले आहे. एवढेच की, त्याची सत्ता उंबऱ्यापर्यंत चालते. उंबऱ्याच्या अलीकडे “किती?” असा प्रश्न आहे, पलीकडे आजीचाच जुना प्रश्न नवे कपडे करून “आडनाव काय?” असे विचारीत बसला आहे. आणि त्याचे उत्तर वडेवाल्याने द्यावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. कारण ती घरे त्याची नाहीत, आमची आहेत.