अपग्रेड करू की थांबू?

“अजून विंडोज १०? काय राव!” ऑफिसातला मित्र हसला. १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. माझा लॅपटॉप विंडोज ११च्या अटींत बसत नाही, म्हणजे नवं मशीन. शिवाय माझं फोटोशॉप सीएस६ २०१२चं, एकदाच पैसे भरून घेतलेलं; नवं घ्यायचं तर वर्गणी. दोन्हींचा हिशेब मांडला आणि गप्प बसलो.

त्याच लॅपटॉपवर आईच्या लग्नातला, ओल लागलेला फोटो दुरुस्त करतोय. अर्धा चेहरा अजून बाकी आहे.

शेवटी ठरलं. आधी बॅकअप, मग लॅपटॉपचं नेट कायमचं बंद. बँक, मेल मोबाइलवर. अपग्रेड बोनसनंतर बघू. आधी आईचं हसू पूर्ण होऊ दे. तुम्ही काय केलं असतंत?