दिवसांची मोजणी

पन्नाशी उलटली म्हणजे मनुष्य आपले वय नकळत दुसऱ्या टोकाकडून मोजू लागतो. किती वर्षे झाली यापेक्षा किती उरली, हा विचार अधिक वेळा मनात येतो. माझ्या कपाटात न वाचलेली पुस्तके किती आणि वर्षाकाठी माझ्या हातून वाचून होतात किती, हे त्रैराशिक मी अलीकडेच मांडून पाहिले. उत्तर फारसे सुखाचे आले नाही!

इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्याला बायबल वाचल्यावाचून गत्यंतर नसते. ते मी भाविकपणे नव्हे, तर व्यवसायाचा भाग म्हणून वाचले. परंतु त्यातील नव्वदावे स्तोत्र, जे परंपरेने मोशेचे मानले जाते, मला या वयात निराळे दिसू लागले आहे. आयुष्याची मर्यादा सत्तर वर्षांची, अंगी बळ असले तर ऐंशी, असे स्तोत्रकर्ता स्वच्छ सांगून टाकतो. आणि एवढे सांगून तो मागतो काय? मर्यादा वाढवून नव्हे, तर आहेत ते दिवस मोजण्याचे शहाणपण. आणि अगदी अखेरीस, आपल्या हातच्या कामाला स्थैर्य. या दोन मागण्यांचा परस्परांशी संबंध काय, हे मला पुष्कळ दिवस उमगले नव्हते.

तीन वर्षांपूर्वी माझी पत्नी वारली. समाचाराला आलेल्या मंडळींनी आत्म्याच्या अमरत्वाविषयी जे सांगावयाचे ते सद्भावनेने सांगितले. कॉलेजातील माझे एक ख्रिस्ती स्नेही मात्र काहीच बोलले नाहीत. ते बसले, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि काही वेळाने ते उठून गेले. पुढे महिन्याभराने मी त्यांना विचारले, “मृतांच्या पुनरुत्थानावर तुमचा विश्वास. मग तुम्ही का रडलात?” ते म्हणाले, “प्रोफेसर, योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय पुन्हा एकदा पाहा.”

मी पाहिला. बेथानी गावचा लाजर मरून चार दिवस झालेले आहेत. येशू तेथे येतो; आपण त्याला उठविणार हे त्याला ठाऊक आहे; आणि तरीही त्याच्या बहिणीचे व भोवतालच्या मंडळींचे रडणे पाहून तो स्वतः रडतो. हा अध्याय मी वर्गात पूर्वी समजावून सांगितला होता, पण त्यातील हा क्रम त्या दिवशी माझ्या काळजाला भिडला. ज्या आशेला रडण्याची लाज वाटत नाही, ती आशा मृत्यूला खोटे ठरवून उभी राहिलेली नाही. प्रेषित पौलही थेस्सलनीकाच्या मंडळीला शोकच करू नका असे म्हणत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, एवढेच म्हणतो.

ही आशा आयुष्यात उतरली म्हणजे कशी दिसते, याचे उदाहरण शोधायला फार दूर जावे लागत नाही. पंडिता रमाबाईंचे चरित्र म्हणजे एका परीने मृत्यूंची यादीच आहे. १८७४ साली दुष्काळात आईवडील गेले. पाठोपाठ थोरली बहीण. १८८० साली भाऊ. त्याच वर्षी विवाह झाला आणि १८८२ साली पती गेले. कडेवर तान्ही मनोरमा राहिली. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हाच मार्ग त्यांनी का निवडला, याविषयी महाराष्ट्राने त्यांच्याशी मोठे भांडण मांडले. त्या वादात मला येथे शिरावयाचे नाही. मला नवल वाटते ते त्यांच्या अखेरच्या पर्वाचे.

केडगावच्या मुक्ति मिशनचा प्रचंड व्याप शिरावर असता त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, अल्पशिक्षित बाईलाही समजावे म्हणून, सबंध बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले. पंधराहून अधिक वर्षे ते चालले. त्याची छपाई मुक्तीच्याच छापखान्यात तेथील स्त्रियांनी केली. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. आईच्या पश्चात हे कार्य जिने चालवावयाचे तीच आधी गेली! रमाबाईंचे भाषांतराचे काम तरीही थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा देहान्त झाला, आणि ते बायबल १९२४ साली पूर्ण प्रसिद्ध झाले. ज्या पुस्तकासाठी इतकी वर्षे वेचली, ते पूर्ण बांधलेले हाती घेणे त्यांच्या नशिबी नव्हते.

मृत्यूने जिला इतक्या वेळा गाठले, तिला आयुष्याच्या अल्पतेविषयी कोणी काय सांगावे! तरीही तिने उरलेल्या दिवसांत मावणार नाही असे काम पत्करले. दिवस मोजणे आणि हातच्या कामाला स्थैर्य मागणे यांचा संबंध मला येथे दिसला. काम पुरे करणे आपल्याकडे नाही, असे ज्याने मनोमन मानले, त्याला ते आरंभ करताना वयाचा दाखला पाहावा लागत नाही.

रमाबाईंपाशी हे बळ ज्या श्रद्धेतून आले, ती मला लाभलेली नाही, आणि उसनी आणता येईल अशीही ती वस्तू नव्हे. मूळ आपल्या अंगणात नसता फळ मात्र आपल्या ताटात पडावे, ही अपेक्षा रास्त आहे की नाही, हे मला सांगता येत नाही. एवढे मात्र खरे की, ग्रीक शोकनाटकांच्या मराठी अनुवादाची एक वही दहा वर्षे माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. सातांपैकी दोनच नाटके झाली आहेत. माझ्या त्रैराशिकाप्रमाणे सातवे माझ्या हातून होण्याचा संभव थोडा. गेल्या सोमवारपासून मी तिसरे घेतले आहे.