घोड्याला वाट नसलेल्या शहरातले घोडेस्वार

जेनोआ पायी हिंडावे असे शहर आहे. बंदराकडून वर चढणाऱ्या जुन्या गल्ल्या, तिथल्या बोलीत ‘कारुज्जी’, काही ठिकाणी इतक्या अरुंद की समोरून कुणी आले तर भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. गल्ली संपली की पायऱ्या, पायऱ्या संपल्या की पुन्हा चढ. सतराव्या शतकात इथले धनिक घोडागाडीऐवजी माणसांनी उचललेल्या खुर्चीतून फिरत, कारण गाडी वळवायला जागाच नव्हती. याच गल्ल्यांतल्या स्पिनोला वाड्यात रुबेन्सने १६०६ मध्ये रंगवलेला जोव्हान्नी कार्लो दोरिया उधळलेल्या घोड्यावरून थेट बघणाऱ्याच्या अंगावर येतो. तिथून थोडे वर, गारिबाल्दी रस्त्यावरच्या ‘पालाझ्झो रोस्सो’त, म्हणजे लाल वाड्यात, व्हॅन डाइकचा १६२७ मधला आन्तोन जुलिओ ब्रिन्योले-साले पांढऱ्या घोड्यावर बसून टोपी काढून अभिवादन करतो. सरदारांचे वैभव म्हणून ही चित्रे दाखवली जातात. पण गल्ल्या चढून आलेल्याला ती वेगळीच दिसतात. हे सरदार जे होते त्यापेक्षा, त्यांच्या प्रजासत्ताकात कुणालाही जे होता येत नव्हते, ते या चित्रांत आहे.

अश्वारूढ चित्र हा त्या काळी राज्यकर्त्यांचा मान होता. तित्सियानोने १५४८ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सला असेच रंगवले होते. जेनोआत राजा नव्हता. आन्द्रेआ दोरियाच्या १५२८ च्या घटनेनुसार डोजे, म्हणजे राज्यप्रमुख, दोनच वर्षे गादीवर बसे. राजवाडाही नव्हता, म्हणून परदेशी राजे आणि वकील आले की त्यांना उतरवून घेण्यासाठी खासगी वाड्यांच्या सरकारी याद्या केलेल्या होत्या. पाहुणा राजा, यजमान सावकार. हे सावकार स्पेनच्या राजाला कर्ज देत, आणि ऋणको राजाच यांना किताब देई. चित्रातल्या जोव्हान्नी कार्लो दोरियाच्या छातीवरचा सान्तियागोचा क्रूस स्पेनचाच.

यावर कुणी म्हणेल, हा चित्रकारांचा साचा होता, त्यात एवढे काय शोधायचे? साचा होताच. समोरून चालून येणारा घोडेस्वार रुबेन्सने १६०३ मध्ये स्पेनमध्ये लेर्माच्या ड्यूकसाठी रंगवला होता. पण लेर्मा राजाच्या नावाने अख्खे राज्य चालवत होता आणि दोरिया एका माजी डोजेचा मुलगा होता. तीन वर्षांत तीच ऐट एका नागरिकाच्या घरात यावी, यात साच्यापेक्षा तो मागणाऱ्याची हौस अधिक दिसते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ब्रिन्योले-सालेचे कपडे साधे काळे आहेत, टोपी हातात आहे, मग हा विनयच नव्हे का? काळा रंग मात्र स्पॅनिश दरबाराच्या रिवाजाचा होता, आणि टोपी काढली तरी खोगिरावरून कुणी उतरलेले नाही. नजर खालून वर जाईल अशीच चित्राची रचना आहे. विनय आहे, पण उंचावरून केलेला.

ब्रिन्योले-सालेचे चित्र ज्या वर्षीचे, त्याच १६२७ च्या जानेवारीत स्पेनच्या राजाने सावकारांची देणी थांबवली आणि पोर्तुगीज सावकारांना जवळ केले. जेनोआच्या सावकारीचे युग इतिहासकार ब्रोदेल याच वर्षी संपवतो. त्या धक्क्यामुळेच हे चित्र काढवले गेले असे म्हणणे ताणल्यासारखे होईल. एवढे मात्र खरे की पैशाचा जोर ओसरू लागला आणि घोडा भिंतीवर चढला.

स्वाराने स्वतः वेगळीच वाट धरली. चित्राच्या वेळी बाविशीतला हा तरुण पुढे लेखक झाला, प्रजासत्ताकाचा वकील म्हणून स्पेनला गेला, आणि पत्नी पाओलिना आदोर्नो वारल्यानंतर संन्यस्त होऊन १६५२ मध्ये जेझुइट संघात शिरला. लाल वाडा त्याने पाहिलाही नाही. तो १६७० च्या दशकात त्याच्या मुलांनी बांधवला, आणि त्या नव्याकोऱ्या घरात टांगायला घोड्यावरचा पूर्वज तयारच होता.