निळ्या भोकातला आवाज

गेल्या श्रावणात एका भजनी मंडळाचा अँप्लिफायर दुसऱ्यांदा परत आला. ‘आवाज खरखरतोय.’ मंगळवार पेठेतल्या आमच्या दुकानात बाबांनी तो लावून ऐकला, पुन्हा ऐकला. “स्वच्छ हाय की,” म्हणाले. मी पुण्याहून सुट्टीवर आलो होतो. मला खरखर ऐकू येत होती, आवाज बारीक केला की जास्तच. मी गप्प राहिलो.

मीटर, सोल्डरिंग आयर्न आणि कान, एवढ्यावर बाबांनी तीस वर्षं दुकान चालवलं. ऑसिलोस्कोप कधी परवडला नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मीही तो मोजून चारदा हाताळला असेन. नोकरी कोड लिहायची. पण घरी एक जुना डेस्कटॉप पडून होता. संध्याकाळी तो स्कूटरवरून दुकानात आणला.

त्याच्या मागे एक निळं भोक असतं, लाइन-इन. तिथं आलेलं व्होल्टेज साउंड कार्ड सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतं. ऑसिलोस्कोपसारखं दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर त्याच आकड्यांची रेघ काढतं, बस. २२ किलोहर्ट्झच्या वरचं दिसत नाही. आत कपॅसिटर असल्यामुळे डीसीही दिसत नाही. दीड व्होल्टचा सेल जोडून बघा, रेघ क्षणभर उडते आणि शून्यावर येऊन बसते. आवाजाच्या कामाला मात्र एवढं पुष्कळ. फक्त स्पीकरच्या वायरी थेट खुपसू नका. मी १०० के आणि १० केचे दोन रेझिस्टर लावून अकरावा हिस्साच आत सोडला. आणि भिंतीतल्या सॉकेटच्या वाटेला तर जाऊच नका: २३० व्होल्ट म्हणतो त्याचं शिखर ३२५ असतं.

मोबाइलवरून १ किलोहर्ट्झचा सूर दिला, आवाज बारीक ठेवला. पडद्यावर लाट आली. शून्य ओलांडताना दरवेळी तिला एक बारीक पायरी पडत होती. लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर ढकलतो, खालचा दुसरा. पहिल्यानं सोडलं आणि दुसऱ्यानं अजून धरलं नाही, की ही पायरी. क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन. तिच्यातून मूळ सुराच्या कितीतरी वरचे तीव्र सूर निघतात. वयानुसार कान आधी नेमके तेच सोडतात. हे मी बाबांना सांगितलं नाही.

सांगायची गरजही नव्हती. त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, बायसचा प्रीसेट केसभर फिरवला, एक बोट हीटसिंकवर. जास्त फिरवला तर ट्रान्झिस्टर तापून जळतो. पायरी बुजली. त्यांनी पाचेक मिनिटं वाट बघितली, किंचित मागं घेतला.

“आता वरचा लाव.”

४ किलोहर्ट्झ लावला. मग ८. पडद्यावर दाट लाटा उभ्या राहिल्या.

“वाजीव की,” बाबा म्हणाले.

समोरच्या चहावाल्यानं तोंड वाकडं करून कानांवर हात ठेवले होते. बाबांनी त्याच्याकडं बघितलं, मग पडद्याकडं.

“राहू दे हितंच हा कॉम्प्युटर,” म्हणाले, आणि अँप्लिफायरचं झाकण लावायला घेतलं.