पाटाची दोन टोकं

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर सासूबाईंच्या हातच्या तीन नोंदी असतात. दूध किती घेतलं, सिलिंडर कधी लावला, आणि निळ्या पेनानं काढलेलं ठसठशीत ‘पा’. ‘पा’ लिहिलेल्या तारखेला नळाला पाणी आलेलं असतं. तिथून पुढे मोजायला लागायचं. पंधरा दिवस, अठरा दिवस, कधी वीस. उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. मनमाडमध्ये लग्नाची तारीख काढताना, पाहुण्यांना बोलावताना, दिवाळीची साफसफाई ठरवतानासुद्धा बायका आधी त्या ‘पा’कडे बघतात आणि मग बाकीचं बोलतात.

मी निफाड तालुक्यातली. माहेरच्या शिवाराला लागून पालखेडचा डावा कालवा जातो. आम्ही त्याला पाटच म्हणतो. पाट वाहता असला की विहिरींना पाझर फुटतो, बांधावरची शेवरी हिरवी होते, बायका धुण्याची बोचकी घेऊन पाटावर जातात. पाणी जपायचं असतं हे ठाऊक होतं, पण ते शेतातलं पाणी. घरात तांब्या बुडवून घ्यायचा आणि उरलेलं तुळशीला ओतायचं, याचा विचार कोणी करत नव्हतं.

लग्न होऊन मनमाडला आले त्या पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी मला घरातलं पाणी दाखवलं. दागिने दाखवावेत तसं एकेक भांडं दाखवलं. पिण्याचे दोन तांब्याचे हंडे, त्यांना हात लावायचा नाही, ओगराळ्यानंच घ्यायचं. स्वयंपाकाची स्टीलची टाकी. मोरीत दोनशे लिटरचे दोन निळे ड्रम. गच्चीवर काळी टाकी आणि अंगणात फरशीखाली हौद. मग क्रम सांगितला. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी फरशी पुसायला, तेच पुढे संडासात. अंघोळ परातीत उभं राहून, म्हणजे ते पाणीही हाती लागतं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, “अगं, घाबरू नकोस. केस धुवायचे असतील तेव्हा मला सांग, त्याचं वेगळं काढून ठेवू आपण.” सासरी माझ्यावर झालेली ती पहिली माया. नव्या सुनेच्या लांब केसांना एक बादली जास्त लागणार, हे त्यांनी न सांगता ओळखलं होतं.

हे शहर पाण्याकाठी वसलेलं नाही, रेल्वेकाठी वाढलेलं आहे. भुसावळकडे जाणारी लाइन, दौंडची लाइन, छत्रपती संभाजीनगरवरून सिकंदराबादला जाणारी लाइन, सगळ्या इथं एकत्र येतात. पुलांचे गर्डर बनवणारा रेल्वेचा कारखाना आहे, माझे सासरे तिथूनच निवृत्त झाले. अन्न महामंडळाची मोठी गोदामं आहेत. माणसं कामाला आली आणि राहिली; २०११च्या जनगणनेत ती ऐंशी हजारांवर गेली होती. पांझण आणि रामगुळणा या नद्या गावातून जातात खऱ्या, पण पावसाळा सरला की त्यांच्यात वाळू आणि दगड. वागदर्डी धरण आहे, पण नुसत्या पावसावर ते शहराला पुरत नाही. म्हणून पालखेडच्या पाटाला आवर्तन सुटलं की येवला तालुक्यातल्या पाटोद्याच्या साठवण तलावात पाणी घेतात आणि तिथून पंपानं वागदर्डीत आणतात. माझ्या माहेरच्या बांधावरून गेलेलं पाणी असं वळसे घेत माझ्या मोरीतल्या ड्रममध्ये येऊन पडतं. लग्नाआधी मला याची कल्पना नव्हती. सासऱ्यांनी एकदा जुन्या वहीच्या पानावर पेन्सिलीनं पाट काढून दाखवला, तेव्हा मी त्या रेषेवर आमच्या मळ्याच्या जागी बोट ठेवलं. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

सासऱ्यांना हिशेबाची आवड. आमचा हौद पाच हजार लिटरचा, माणसं पाच, अठरा दिवसांचं अंतर धरलं तर माणशी रोजचे पंचावन्न लिटर. जलजीवन मिशननं खेड्यातल्या माणसासाठी जे प्रमाण धरलंय ते नेमकं हेच, ५५ लिटर. म्हणजे कागदावर आम्ही ठीक आहोत. पण अठराचे बावीस दिवस झाले की गणित हलतं, आणि एप्रिल-मेमध्ये कूलर मध्ये येतो. कूलरला दिवसाला तीन-चार बादल्या लागतात. बेचाळीस अंशांच्या दुपारी कूलर लावायचा की धुणं काढायचं, यावर घरात खरोखर बोलणी होतात. सासऱ्यांना रक्तदाबाचा त्रास, म्हणून त्यांच्या खोलीचा कूलर चालवायचा हे सासूबाईंनी ठरवून टाकलंय, आणि ते स्वतः दुपारभर ओटीवर जाऊन बसतात, म्हणजे तो बंद राहावा. दोघंही एकमेकांसाठीच करत असतात आणि त्यावरून दोघांची रोज कुरबुर चालते.

पाणी साठवण्याची खरी काळजी मात्र वेगळीच आहे, आणि तिनं मला रात्र-रात्र जागं ठेवलंय. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून घासून कोरडी ठेवा, असं आशाताई दारोदार सांगतात. त्यांचं बरोबर आहे. पण ज्या घरात पाणी अठरा दिवस पुरवायचं, तिथं आठव्या दिवशी ड्रम कोणी ओतायचा? मग आम्ही बांधाबांध करतो. जुन्या सुती लुगड्याची दुहेरी घडी ड्रमच्या तोंडावर ताणायची आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट बसवायची. पट्टी सैल पडली की बदलायची. सायकलच्या दुकानदाराला सांगून ठेवलंय, तो जुन्या ट्यूबा टाकत नाही. हौदात गप्पी मासे सोडलेत, त्यांची मालकी माझ्या मुलीकडे.

एका पावसाळ्याच्या शेवटी तिलाच ताप आला. अंग फणफणलेलं, डोळे दुखतात म्हणून रडत होती. गल्लीत आधीच दोन पोरं आजारी होती. रक्त तपासायला दिलं आणि घरी आल्याबरोबर सासूबाई आणि मी काही न बोलता बॅटरी घेऊन ड्रमांवर वाकलो. एकेका ड्रमचं फडकं सोडलं, पाण्यावर उजेड टाकला, वळवळणारी अळी दिसते का ते पाहिलं. हंडे पाहिले, फ्रिजमागचा ट्रे पाहिला, कुंड्यांखालच्या ताटल्या पाहिल्या. कुठंच काही नव्हतं. तरी त्या दोन दिवसांत सासूबाईंच्या घशाखाली घास उतरला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट आला. साधा व्हायरल ताप, प्लेटलेट व्यवस्थित. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि लगेच मला म्हणाल्या, “आता तिला आधी डोक्यावरून अंघोळ घाल. भरपूर पाणी घे.” त्या आठवड्याच्या शेवटी आमचा हौद तळाला गेला, पण त्याबद्दल घरात चकार शब्द निघाला नाही.

माहेरी गेले की मला दुसरं टोक ऐकावं लागतं. मार्च महिना, उन्हाळ कांदा पोसायला लागलेला असतो. शेवटची दोन पाणी मिळाली तर माल चांगला फुगतो, नाही तर गोल्टीच निघते. आणि नेमकं त्याच सुमारास पिण्याच्या पाण्याचं आवर्तन सुटतं. पाणी वाटेत कोणी उचलू नये म्हणून पाटालगतच्या शेतीपंपांची वीज बंद ठेवतात, पाटात टाकलेले डोंगळे, म्हणजे पाणी ओढायचे पाइप, उचलून नेतात, बंदोबस्त लागतो. भरलेला पाट बांधाला घासून चालला असतो आणि माझा भाऊ मान खाली घालून कोरड्या वाफ्यात उभा असतो. एका वर्षी तो जेवताना म्हणाला, “ताई, तुमच्या मनमाडसाठी आमचा कांदा जळतो.” माझा घास हातातच राहिला. वहिनीनं त्याला डोळ्यांनी दटावलं, आईनं विषय बदलला. मी त्याला काय सांगणार होते? त्याच्या कांद्यावर माझं शिक्षण झालं, माझं लग्न झालं. त्याचा राग खरा होता. आणि इकडे हौदाच्या तळाशी वीतभर पाणी उरलेलं, तेही खरंच होतं.

मी त्याला एवढंच म्हटलं, पाणी यायच्या आदल्या दिवशी एकदा ये आमच्याकडे. तो आला. सासऱ्यांना दाखवायला कांद्याचा नमुना घेऊन आला होता, त्या निमित्तानं राहिला. सकाळी तोंड धुताना त्यानं सवयीनं तांब्या भरभरून पाणी घेतलं, आणि माझी सात वर्षांची मुलगी शेजारी उभी राहून म्हणाली, “मामा, खाली बादली ठेव ना.” तिनं स्वतःच बादली सरकवली. भाऊ काही बोलला नाही. तेव्हापासून तो मनमाडकडे येताना गाडीत कांद्याच्या गोण्यांशेजारी विहिरीच्या पाण्याचे चार कॅन टाकतो. सासूबाईंना कांद्यापेक्षा त्या कॅनचंच जास्त कौतुक. त्याला जेवायला बसवतात तेव्हा पुरणपोळीवर तुपाची धार थांबत नाही. “मावशी, बास” असं त्यानं म्हटलेलं त्यांना ऐकूच येत नाही.

आणि आवर्तन सुटलं की पहिला फोन त्याचाच. “ताई, पाट सुटला बरं. आपल्या बांधावरून चाललंय.” त्याचा कांदा त्या वेळी कोणत्या अवस्थेत असेल हे मला माहीत असतं, म्हणून मी आधी तेच विचारते. मग सासूबाईंना सांगते. त्या फोनकडे बघूनच नमस्कार करतात.

करंजवण धरणातून थेट मनमाडपर्यंत जलवाहिनी टाकायचं काम सुरू झालं तेव्हा गल्लीत त्यावर खूप चर्चा झाली. रस्त्याकडेला पडलेले ते मोठाले पाइप बघायला सासरे मुलीला स्कूटरवर घेऊन गेले होते. ती त्यातल्या एका पाइपात उभी राहून आली. मला त्या बातमीत आणखी एक आशा दिसली. पिण्याचं पाणी बंद नळीतून येऊ लागलं, तर पिण्यासाठी म्हणून मार्चमध्ये पाटावरची वीज तोडायचं कारण कमी होईल. मी भावाला तसं म्हटलं. तो म्हणाला, “करंजवण काय नि पालखेड काय, कादवाच ती. पण बघू.” शेतकरी माणूस, पाणी वाफ्यात शिरल्याशिवाय हो म्हणत नाही.

पाणी येणार त्याच्या आदल्या दिवशी हौद धुवायचा असतो. तळातलं पाणी उपसून बादल्यांत काढायचं, गप्पी मासे टोपलीनं धरून घमेल्यात ठेवायचे. हौदाचं तोंड लहान, आत मावेल अशी एकटी माझी मुलगीच. खराटा घेऊन ती आत उतरते आणि आतून ओरडत राहते, कारण तिचा आवाज तिथं घुमतो. आम्ही वरून बॅटरी धरतो. तळाला गाळाचा पातळ थर असतो, मऊ, तांबूस. ती तो खरवडून सुपलीत भरते आणि वर देते. सासूबाई तो गाळ मोगऱ्याला घालतात.

दुसऱ्या दिवशी पाणी कधी येईल सांगता येत नाही. कधी पहाटे चार, कधी भर दुपारी. माझे यजमान पहाटेच्या पंचवटी एक्स्प्रेसनं नाशिकला कामाला जातात, गल्लीतले निम्मे पुरुष आणि कितीतरी बायका अशाच पासवर रोज ये-जा करणाऱ्या. म्हणून पाण्याच्या दिवशी बंद घरांच्या किल्ल्या शेजारी ठेवलेल्या असतात. आमच्याकडे तीन घरांच्या असतात. आधी नळातून हवा येते, शिट्टी वाजल्यासारखा लांब आवाज होतो, मग दोन-तीन गचके, मग गढूळ धार. ती कुंड्यांना जाते. धार निवळली की गल्लीत एकाच वेळी सगळ्यांची धावपळ सुरू होते. पाइप या दारातून त्या दारात, कोणाच्या गोधड्या दगडावर, कोणाची पोरं उघडी-नागडी ओट्यावर, म्हाताऱ्या माणसांच्या अंघोळी, तांब्याचे हंडे चिंचेनं लखलखीत. सासूबाई त्या दिवशी केस धुतात आणि मला धुवायला लावतात. दोघी ओल्या केसांनी इकडून तिकडे पळत असतो.

गेल्या खेपेला दुपारी पाणी आलं. शेजारच्या बाई लासलगावला शिक्षिका आहेत. त्यांची किल्ली माझ्याकडे होती. आमचा हौद भरायचा बाकी होता, पण पाणी तासभरच राहणार म्हणून सासूबाई म्हणाल्या, आधी तिचं भर, तिच्याकडे हौद नाही, नुसते ड्रम आहेत. मी दार उघडलं, पाइप लावला, चारही ड्रम भरले, फडकी बांधली. तेवढ्यात बाईंचा फोन. गाडीत गर्दी, आवाज नीट येत नव्हता.

“वहिनी, पाणी आलं म्हणे? माझं...”

“भरलं. चारही ड्रम. आणि तुमच्या सासूबाईंची दोन लुगडीही धुवून टाकलीत, दोरीवर आहेत.”

“अगं बाई! बरं, मी लासलगावहून ताजी मेथी घेतलीये, दोन जुड्या तुमच्यासाठी. आता चूल पेटवू नका, मी आल्यावर भाकरी तिकडेच करू.”

मी सासूबाईंना ओरडून निरोप दिला. त्या ओट्यावर बसून गोधडी पिळत होत्या. एक टोक त्यांच्याकडे होतं, दुसरं माझ्या मुलीकडे. “पीठ माझ्याकडे आहे म्हणावं,” त्या म्हणाल्या, “आणि आता आपला हौद लाव लवकर, धार बारीक व्हायला लागलीय.”